एका जुवाखाली दोन विलायती

आमच्या रंगनाथमामांनी युरोपातल्या दोन शर्यतीच्या गाड्यांची तुलना दात मोजून केली, आणि निकाल दिला की हिरवी जुळलेली आहे आणि तांबडी आदात.

(ज्यांनी आयुष्यात बैल विकत घेतला नाही, अशा अभागी वाचकांसाठी सांगतो. जुळलेलं म्हणजे तोंडभर दात आलेलं, पोक्त जनावर. आदात म्हणजे एकही पक्का दात न आलेलं गोऱ्हं. हिरवीच्या तोंडावर उभ्या पट्ट्यांची चकचकीत जाळी होती, ते तिचे दात. तांबडीला जाळीच नव्हती, म्हणून ती गोऱ्हं!)

या निकालावर माझं लग्न अवलंबून होतं.

गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. मी तेव्हा जिंतूरच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. आमच्या नातेवाइकांत असा समज पसरला होता की वसंताला मोटारीतलं सगळं कळतं. हा समज मीच पसरवला होता. मला मोटारीचं चित्र फार छान काढता येई, आणि जी वस्तू आपल्याला काढता येते ती आपल्याला कळते, असं माझं प्रामाणिक मत होतं. चालवायची वेळ कधी आली नव्हती. त्या काळी आमच्या भागात मोटार म्हणजे एक तर डॉक्टरची, नाही तर पुढाऱ्याची, नाही तर एक दिवसापुरती नवरदेवाची. त्यामुळे माझं अज्ञान अगदी सुरक्षित होतं.

मामा पेडगावचे. घरची बरी शेती, आणि गोठ्यात लाल कंधारी बैलांची एक जोडी, अशी की तिला बघायला परगावचे पाहुणे यायचे आणि मामांना 'रामराम' करायच्या आधी बैलांना करायचे. ही जोडी परभणीच्या खानसाहेबांच्या मनात भरली. खानसाहेब जुन्या जहागीरदारांच्या घरातले. वडिलांनी मागे हौसेनं आणलेल्या दोन विलायती गाड्या त्यांच्या दारात उभ्या होत्या. एक इंग्रज, रंगानं हिरवी. दुसरी जर्मन, तांबडी. दोन्ही एकाच काळातल्या, दोन्ही बिनटपाच्या, दोन्हीत माणसं फक्त दोन. नावांच्या पाट्या केव्हाच गळून पडल्या होत्या. खानसाहेबांना थोडी शेती उरली होती, पण बैल उरले नव्हते. मामांना मोटारीची गरज नव्हती, पण परभणी रस्त्यावरच्या शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घेतल्यापासून त्यांना झोप नव्हती.

"पाटील, ये जोडी मेरे कू दे देव," खानसाहेब म्हणाले. "बदले में दो में से एक गाडी लेके जाव."

"वा! मी बैल दोन देयलोय अन् गाडी एकच?"

"अरे मियाँ, गाडी कू चार पहिये हैं!"

"मग बैलाला आठ पाय हायती."

खानसाहेबांनी विडा दुसऱ्या गालात सरकवला. "फिर इंजन भी तो है उसमें."

"माझ्या बैलाला शेपूट हाय. तुमच्या इंजनानं एक तरी माशी हाणून दाखवा!"

एवढ्या मुद्देसूद चर्चेनंतर जे ठरायचं तेच ठरलं. आमच्याकडे बैल घेताना आठ दिवस 'बघायला' नेतात. चारा खातो का, लाथ मारतो का, वखराला मान देतो का, हे बघून मग होकार. तसं मामांनी दोन्ही गाड्या आठ दिवस बघायला न्यायच्या, पसंत पडेल ती ठेवायची, दुसरी परत. खानसाहेब तरी का मागे राहतील?

"तो बैलां कू भी हम आठ दिन देखते."

आता बैल बघायला मामांना कुणाची गरज नव्हती. पण मोटारी बघायच्या म्हणून त्यांनी दोन भाचे बोलावले. एक मी. दुसरा चारठाण्याचा दिगंबर, माझा मावसभाऊ. हा दिगंबर ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री होता. म्हणजे त्याला मोटारीतलं खरंच कळत होतं, ही माझ्या दृष्टीनं अत्यंत हलकट गोष्ट होती.

आणि सिंधू, मामांची एकुलती एक मुलगी. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही आमच्याकडची जुनी रीत. पंचाईत एवढीच की भाचे दोन होते आणि सिंधू एक. (मामांना हाही हिशेब बैलांच्या अंगानंच सुचला असावा.) मला सिंधू मनापासून हवी होती. एकदा मी माझी चित्रांची वही तिला दाखवली. माझ्या वहीतल्या बैलाकडे तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "शेळी लय छान काढलीय, व्याली का?" त्या क्षणापासून मी तिच्यावर जीव टाकला होता.

मामांनी ओसरीवर बसून, गाव गोळा झालेलं बघून, जाहीर केलं, "दोघं बी ऐका. एकानं एक गाडी धरायची. ज्याची पारख खरी निघंल, त्याच्या हातात सिंधूचा हात. ज्याला जनावर पारखता येत न्हाई, त्याच्या दावणीला मी माझी पोरगी बांधणार न्हाई!"

आतून सिंधूचा आवाज आला, "अन् माझी पारख कोन इचारायलंय?"

"तू भाकर बघ!" मामा म्हणाले.

दिगंबरानं झटकन हिरवी धरली. तो म्हणाला, हिरवीचं यंत्र सरळ आहे. मी तांबडी धरली. माझं कारण, तिचा मागचा गोलावा पेन्सिलीनं एका रेषेत काढता येण्यासारखा होता.

गाड्या पेडगावला आल्या त्या दिवशी शाळा सुटली, पिठाची गिरणी थांबली, आणि मारुतीच्या पारावर बसून बसून पाराचाच भाग झालेली तीन माणसं उठून उभी राहिली. हिरवी दिगंबर चालवत आला. तांबडी खानसाहेबांच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं आणली. मी शेजारी बसून लोकांना हात करत होतो.

"का रं वसंता, तू न्हाई चालवली?" मामांनी विचारलं.

"मामा, ही डाव्या स्टिअरिंगची गाडी आहे," मी गंभीरपणे म्हणालो. "ती जर्मनीत खास डावखुऱ्या लोकांसाठी बनवतात. मी उजवा."

दिगंबर इतक्या जोरात खोकला की हिरवीचा एक आरसा पडला. पण मामांना ते पटलं. म्हणाले, "बराबर हाय. डाव्या अंगाचा बैल उजव्या अंगाला चालतच न्हाई." त्या दिवशी मला कळलं की आत्मविश्वासानं बोललेल्या मूर्खपणाला शेतीच्या शास्त्रात कुठे ना कुठे आधार सापडतोच.

परीक्षा सुरू झाली. दात झाले. मग मामांनी दोन्ही गाड्यांच्या अंगावरून हात फिरवून, बैलाच्या केसांत शुभ-अशुभ बघतात तसे, भोवरे बघितले. तांबडीच्या उजव्या कुशीवर एक पोचा होता. मामांचा चेहरा उतरला.

"हितं भोवरा हाय. खुनशी निघंल. मालक खाती असली जनावरं."

"मामा, तो पोचा आहे!"

"भोवराच हाय. बैलाला बी आईच्या पोटात पोचाच पडलेला असतो."

यानंतर मामांनी मला तांबडीचं 'काळीज' दाखवायला सांगितलं. मी ऐटीत पुढचं झाकण उघडलं. आत एक जादा चाक आणि एक उंदराचं घरटं. इंजिन नव्हतंच! मी घरट्याकडे असा बघत राहिलो, जणू जर्मन लोकांनी ते मुद्दाम बसवलं असावं.

"काय वं मास्तर," दिगंबर गोड आवाजात म्हणाला, "कितीक उंदरांच्या ताकदीचं हाय?"

सिंधू भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं दारात उभी होती. ती हसली नाही. नुसती तांबडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि पायानं तिथल्या झाकणावर टकटक केलं. मी मागे धावलो. इंजिन तिथे होतं!

"मागून जोर लावते!" मी ओरडलो. "मामा, हिचं काळीज मागं आहे! हिरवी ओढते, पण ही ढकलते!"

"हां," मामा मान डोलवत म्हणाले, "हे ब्येस. मागल्या पायात दम असलेलं जनावर चिखलात फसत न्हाई." एक गुण मला.

मग मामी आल्या. त्यांनी ओवाळणीचं ताट आणलं होतं. आधी हिरवीला हळदीकुंकू लावलं, मग तांबडीला. मग थोडं मागे सरून त्यांनी दोन्ही गाड्यांचा नीट अंदाज घेतला.

"अवं, ह्या दोन्ही गाभण हायती का? पोट पार भुईला लागलंय."

"शर्यतीच्या हायती मामी, बुटक्याच असत्यात," दिगंबर म्हणाला.

"अन् दोनच माणसं बसायलीत! बस्त्याला जायचं तर नवरी बसंल, नवरदेव बसंल, मग भांडण कोन करंल? वरमाई कुठं बसवता?"

मामांनी बसून बघायचं ठरवलं. हिरवीत शिरताना त्यांनी आधी एक पाय घातला, मग धोतर घातलं, मग उरलेले मामा घातले. बसले ते पाटावर बसल्यासारखे. फक्त फेटा बाहेर दिसत होता. उठायचं म्हटल्यावर लक्षात आलं की हिच्यात बसायची सोय आहे, उठायची नाही. शेवटी आम्ही दोघा भाच्यांनी त्यांना विहिरीतून घागर काढावी तसं शेंदून काढलं. लगेच त्यांना तांबडीतही बसवावं लागलं, कारण तुलना म्हणजे तुलना! तांबडीतून काढायला चार माणसं लागली. एक गुण दिगंबरला.

तिसऱ्या दिवशी हिरवी खाली तेल गाळायला लागली. मामांनी सकाळी उठून जमिनीवरचा तो काळा डाग बघितला, बोट लावून वास घेतला, आणि कपाळाला हात लावला. "हगवण लागली." दुपारी मी गोठ्यात गेलो तर मामी पातेलंभर हिरड्याचा काढा घेऊन हिरवीचं तोंड शोधत होत्या. दिगंबरानं धावत येऊन ते पातेलं हिसकावलं नसतं, तर इंग्रजांवर हिरड्याचा प्रयोग करणारं पेडगाव हे पहिलं गाव ठरलं असतं.

असे सहा दिवस गेले. गुण सारखे. गाव दोन गटांत फुटलं. हिरवीवाले तांबडीवाल्यांच्या दुकानातून बिडी घेईनात. मी मात्र त्या सहा दिवसांत, गाड्यांबरोबर मुक्कामाला राहिलेल्या त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून गुपचूप चालवायला शिकलो होतो. त्याची शिकवणी साडेतीन वाक्यांची होती. "ये दबाव. वो छोडो. अल्ला का नाम लेव. बाकी..." बाकीचं वाक्य तो कधीच पूर्ण करत नसे, नुसता आभाळाकडे बघे.

सातव्या दिवशी सकाळी मामा ओसरीवर उभे राहिले. "लय झाले लाड. दात बघून, भोवरे बघून कळत न्हाई. बैल कळतो तो जुवाखाली. दोघींना एका जुवाला जुंपा! जू ज्या बाजूला मागं राहील, ती कच्ची!"

मी दिगंबरकडे बघितलं. दिगंबरानं माझ्याकडे बघितलं. गेल्या सहा दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दोघं भाऊ झालो.

"मामा," दिगंबर म्हणाला, "मोटारीला जू नसतंय."

"बैलाला तरी जन्मतः असतंय का? आपुनच लावतो!"

आम्ही दोघं जू शोधायला गोठ्यात गेलो.

बाभळीचं चांगलं आठ हाती जू आणलं. दोन्ही गाड्यांच्या नाकांना ते चऱ्हाटानं आवळलं. डाव्या अंगाला हिरवी, उजव्या अंगाला तांबडी. आता हिरवीचं स्टिअरिंग उजवीकडे आणि तांबडीचं डावीकडे, त्यामुळे आम्ही दोघं प्रतिस्पर्धी मधोमध, एकमेकांच्या इतके जवळ बसलो की माझा खिसा त्याच्या हाताला लागत होता.

"सरक की तिकडं!"

"मी सरकलो तर गाडी सरकती दिग्या!"

"कोपर काढ तुझं माझ्या गाडीतून!"

मामींनी घुंगरमाळा बांधल्या. आणि मामा? मामांनी धोतर खोचलं, एक पाय हिरवीच्या पाठीवर ठेवला, दुसरा तांबडीच्या पाठीवर, दोन्ही गाड्यांच्या आरशांना बांधलेले कासरे डाव्या हातात धरले, उजव्या हातात चाबूक घेतला, आणि वखरलेल्या काळ्या रानात, सगळ्या पेडगावच्या साक्षीनं ते उभे राहिले. तसा देखावा ना आधी कुणी बघितला होता, ना त्यानंतर कुणाची बघायची हिंमत झाली.

"हाऽऽर्र!"

मी हे दाबलं. ते सोडलं. अल्लाचं नाव घेतलं, मारुतीचंही घेतलं. तांबडी पाठीत बुक्की बसल्यासारखी उडाली. हिरवीही निघाली. घुंगरं वाजायला लागली. मागून मामांचा चाबूक कडाडला, तो बहुतेक वेळा माझ्या आणि दिगंबरच्या मध्ये, कधी कधी माझ्यावरच. मातीची ढेकळं उडत होती, गाव मागे धावत होतं, आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला खळ्यात ज्वारीची कणसं पसरून सिंधू उभी होती.

पहिल्या अर्ध्या रानात जू सरळ होतं. मग मी बघितलं. जू तिरकं व्हायला लागलं. हिरवी पुढे, तांबडी मागे! टीचभर. मग वीतभर. मग हातभर.

"मास्तर, भोवऱ्यानं खाल्लं रं तुला!" दिगंबर ओरडला.

माझ्या डोळ्यांसमोरून सिंधू चारठाण्याच्या गाडीत बसून निघाली. बरोबर जेवणाचे डबे, मागं रडणाऱ्या मामी, आणि मी जिंतूरला वर्गात फळ्यावर शेळीसारखे बैल काढतोय. मी सगळा जोर पायात आणला. तांबडी एकदा खोकली. पुन्हा खोकली. आम्ही खळ्यात शिरलो.

तेवढ्यात खळ्यातून सिंधूनं हात वर केला आणि बैलाला थांबवायला देतात तसा खणखणीत आवाज दिला, "हो! हो! होऽऽ!"

तांबडी थांबली.

जागच्या जागी. खळ्याच्या बरोबर मधोमध. मलाही विचारलं नाही.

हिरवी थांबली नाही. दिगंबर मिस्त्री होता, त्यानं ब्रेक दाबलाही असेल, पण रानातून आलेलं एक धसकट त्याच्या पायाखालच्या यंत्रात असं अडकलं होतं की हिरवीचा वेग चढतच गेला. मामांची अवस्था अवघड झाली. एक पाय थांबलेल्या गाडीवर, एक पाय पळणाऱ्या गाडीवर. एक क्षण त्यांना दोन्ही गाड्या सारख्याच प्रिय होत्या. मग त्यांचे पाय लांब होत गेले, होत गेले, आणि माणसाचे पाय जेवढे लांब होऊ शकतात तेवढे झाल्यावर मामा कडब्याच्या ढिगात अंतर्धान पावले. चाबूक तेवढा वर राहिला.

इकडे हिरवी जुवाला बांधलेली. सरळ जाता येईना म्हणून ती वळली. तांबडीच्या भोवती फिरायला लागली! मळणीच्या वेळी मधल्या खांबाभोवती बैल फिरतात ना, तशी! मी खांब झालो होतो. जू उसळून तांबडीच्या नाकावर चढलं होतं आणि दर फेरीला सूंऽऽ करून माझ्या डोक्यावरून जायचं. ते आलं की मी मान खाली घालायचो, गेलं की वर काढायचो. बघणाऱ्यांना वाटलं, मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायलाय. किती नम्र माणूस!

"बंद कर की!" मी पहिल्या फेरीला म्हणालो.

"हुईना!" दिगंबर दुसऱ्या फेरीला म्हणाला.

"मग उडी मार!" तिसऱ्या फेरीला.

"तुझ्या बापानं..." चौथी फेरी. बाकीचं मला पाचव्या फेरीला ऐकू आलं.

अकराव्या फेरीला चऱ्हाट तुटलं. हिरवी सुटली ती थेट कडब्याच्या गंजीत शिरली आणि मागच्या टोकासकट दिसेनाशी झाली. गंजीतून थोडा वेळ घुंगरांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

ढिगातून मामा निघाले. फेट्यात कडबा, मिशीत कडबा. त्यांनी खळ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे चमकले. कणसं झाडून मोकळी! दीड दिवसाची मळणी अकरा फेऱ्यांत!

"आरारारा! काय मळलंय! दिगंबरची हिरवी एक नंबर! ठरलं. पारख दिगंबरचीच..."

मी डोळे मिटले. संपलं.

"थांबा अण्णा," सिंधू म्हणाली. ती सूप हातात घेऊन अगदी शांतपणे पुढे आली. "पळणारा बैल शर्यतीला बघायचा. घरी कंचा ठेवायचा असतो? तुमीच शिकवलंय मला."

"कंचा म्हंजे?"

"हो म्हणल्यावर थांबतो, त्यो. बगा तुमीच. मी हो म्हणलं तवा कोन थांबलं, अन् कोन गंजीत गेलं?"

मामांनी गंजीकडे बघितलं. गंजीतून दिगंबरचा एक हात बाहेर आला होता आणि मदत मागत होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, हे सगळं ठरवूनच केलंय अशा चेहऱ्यानं, समोर बघत बसलो होतो. (खरं म्हणजे मान वर करायचा धीर होत नव्हता. बारावी फेरी येईल की काय, कुणी सांगावं?)

"पारख खरी मास्तरची," मामा मिशीतला कडबा काढत म्हणाले. "आवाजाखालचं जनावर निवडलं पोरानं."

गाव ओरडलं. मामींनी मला आणि तांबडीला एकाच ताटात ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाड्या दाखवायला परभणीला गेलो. खानसाहेबांनी काय केलं होतं म्हणता? बैलांना मोटारखान्यात ठेवलं होतं! रोज साबणानं धुणं, शिंगांना मेण, पायपुसण्यावर उभं करणं, आणि वरून गाडी झाकायचं हिरवं कापड. आठ दिवस बैल बाहेरच काढले नव्हते, ऊन लागून रंग उडेल म्हणून!

खानसाहेबांनी आपल्या गाड्यांच्या नाकावरचे चऱ्हाटाचे वळ बघितले. मामांनी आपल्या बैलांवरचं कापड बघितलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"पाटील, मेरी गाडियां मेरे कू देव."

"खानसाहेब, माझी जोडी सोडा. मुक्यांना असं वागवतात का?"

ज्याची जनावरं त्याच्या दारात गेली. मामांना गाडी मिळाली नाही. पण दिलेला शब्द मामांनी फिरवला नाही. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. वरातीत मी बैलगाडीतून मिरवलो. दिगंबरानं पुढे होऊन बैलांचे कासरे धरले होते आणि सारखं मागे वळून सांगत होता, "मास्तर, हो म्हणलं की थांबायचं बरं का!"

बारा वर्षं मी या पारखीवर घरात रुबाब केला. संसारात कुठलाही वाद निघाला की म्हणायचो, "सिंधू, तुझ्या एका शब्दावर थांबलेला माणूस आहे मी!" पण मन खात होतं. शेवटी परवा एका दुपारी, ती तांदूळ निवडत बसली असताना, मी सगळं कबूल करून टाकलं.

"सिंधू, तुला एक खरं सांगायचंय. त्या दिवशी मी थांबलो नव्हतो. गाडी आपोआप बंद पडली. कशी पडली, देव जाणे."

तिनं मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला.

"देवाला कामून मधी घालायलाव? पेट्रोल संपलं हुतं. सकाळी मीच नळी घालून काढलं, रान वलांडण्यापुरतं ठिवलं. खोकला ऐकू आला, तवा हो म्हणलं."

अभिमानानं माझा ऊर भरून आला. म्हणजे एवढ्या दोन भाच्यांतून, पहिल्यापासून, मीच! मी तिच्याजवळ सरकलो. आवाज मऊ केला.

"पण मग दिगंबरच्या गाडीतलं का नाही काढलंस? माझ्याच का?"

"त्यानं एका मिनिटात टाकी उघडून बघितली असती," सिंधू सूप झटकत म्हणाली. "तुमी बारा वर्षं झाली, अजून बघितली न्हाई."